आठ दिवसांची रजा

या मंडळी, जरा सरकून जवळ बसा. चालू न होणाऱ्या एका गेम कन्सोलची गोष्ट सांगतो.

"दादा, बटण दाबलं तरी ढिम्म! वायर बदलली, सॉकेट बदललं, शेवटी हातही जोडले," गिऱ्हाईक काउंटरवर घाम पुसत म्हणालं. "साहेबांच्या हातापाया पडून आठ दिवसांची रजा काढलीय. आजच्या आज चालू करा."

"घरात कुणी उघडला होता का?" मेकॅनिकनं विचारलं.

"छे! बायकोला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

गिऱ्हाईक मोबाइलवर गेम खेळत बसलं. मेकॅनिकनं कन्सोल आतल्या बाजूला नेऊन झाकण उघडलं. फ्यूज अलगद काढून घेतला होता आणि त्या जागी घडी केलेली चिठ्ठी होती. ती त्यानं दोनदा वाचली. गिऱ्हाइकाशी जन्मात खोटं न बोललेल्या त्या माणसानं झाकण लावलं आणि सांगितलं, "दुखणं मोठं आहे. आठ दिवस लागतील."

"म्हणजे माझी रजा पाण्यातच गेली की हो!"



चिठ्ठीत लिहिलं होतं, "दादा, ही रजा ह्यांनी माझ्या ऑपरेशनसाठी काढली आहे. सोमवारी आहे. तेवढे आठ दिवस दुरुस्त करू नका."

मंडळी, सोमवारी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.