मध्ये थांबायचंच नाही

"हळदीत इंग्रजी रॉक? लोक बेंजो फोडतील," मामा म्हणाला. बेंजो पार्टी त्याची, पण बेंजो वाजवते मी. "आणि गोष्ट सांगायला ही काय शाळा आहे?"

"शाळा असती तर मी असते का इथं?"

मी निवडलेल्या जुन्या इंग्रजी अल्बममध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट आहे, घर सोडून निघालेल्या खलाशाची. गाणी एकमेकांत मिसळलेली, मध्ये गॅपच नाही. शाळा सोडल्यापासून मी तोच ऐकतेय. एकदा तरी तो अख्खा वाजवायचा होता मला.

फर्माईश येते ती दोन गाण्यांच्या गॅपमध्ये. हळदीच्या रात्री मी गॅपच दिली नाही. नवरदेवाचा काका हात वर करून ताटकळला. वादळाच्या गाण्यावर मांडव नाचला. शेवटचं गाणं मात्र संथ. सगळे जागच्या जागी थांबले. मामाने कपाळाला हात लावला.

गाणं संपलं तशी नवरदेवाची आजी हळदीच्या हातांनी माझ्यासमोर आली. एक शब्दही कुणी गायला नव्हता.

"कोण गं तो, एवढा भटकत होता?" तिने विचारलं. "पोचला का घरी?"

मी मामाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "पोचला, आजी."