सोनालीचा दाखला

सत्त्याण्णव साली शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश घेताना 'मी आणि माझं शिक्षण' असा निबंध लिहून न्यायचा होता. सुरतेतल्या लिंबायतच्या खोलीत सोनाली हौसेनं मुद्दे काढायला बसली आणि पहिलंच वाक्य तिनं आईला वाचून दाखवलं, "माझं नाव सोनाली. माझा जन्म सुरतेच्या सरकारी दवाखान्यात झाला."

आई, धुरपदाबाई, खाली मान घालून साड्यांचे धागे कापत राहिली. शाळेत, मार्कशीटवर, सगळीकडे लेक सोनाली होती. आईच्या तोंडी मात्र लाडात बेबी, रागातही बेबीच. आज निबंधाच्या नादात सोनालीनं विचारलंच, "आई, तू माले कधी सोनाली काबर नही म्हनत?"

कात्री थांबली.

"तू गावले, घरमाच जनमनी. तुना जनमना दाखलाच नव्हता, अन् दाखल्याबिगर शाळामा कोनी घेत नव्हतं. मी काय करतू?"

"पन मना दाखला तर शे ना! शाळामा देयेल शे, सोनाली नावना."


"सोनाली तुनी मोठी बहीण व्हती, बेबी. ती गयी, तिना दाखला तेवढा घरमा ऱ्हाई गया."