चिमाची वही
त्र्याऐंशी साली खेडजवळच्या एका वाडीत सुलभाबाई प्रौढ शिक्षणाचा वर्ग घेत. प्रत्येकीला त्यांनी एक वही दिली होती. जिला जो शब्द हवा, तो तिने त्यात गिरवायचा. भातलावणीने कंबर मोडलेली चिमा मात्र नवऱ्याच्या मुंबईहून आलेल्या पत्रांतलेच शब्द गिरवी.

एका संध्याकाळी ती पत्रांचा गठ्ठा घेऊन आली. "बाई, समदी वाचली. 'तुझी आठवण येते' कुठंच न्हाय."

तीन वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी ते वाक्य बाईच वाचून दाखवत आल्या होत्या.

चिमाने गठ्ठा पुन्हा बांधला. दमल्या आवाजात म्हणाली, "फुडलं पत्र आलं, की तुमीच वाचा."