टबाचं माप

अभिरामनं सुदामा नगरच्या घरी आई-बाबांसाठी इटालियन संगमरवराचा टब पाठवला. तो उतरवताना क्रेननं शेजारच्या शरदजींची मोगऱ्याची कुंडी फोडली आणि दोन्ही घरांची बोलचाल बंद झाली. तेव्हापासून बाबा, म्हणजे दिनानाथ, त्या टबाला शिव्याच घालत होते.

आज मात्र ते पाणी न भरता, पायजम्यासकट, नुसतं बसून बघायला आत उतरले, आणि उठताच येईना. इटलीच्या कारागिरांनी दगड असा घोटला होता की जिथं धरावं तिथून हात सटके. आईनं, म्हणजे अरुंधतीनं, ओढून पाहिलं, मग सरळ शरदजींना हाक मारली.

शरदजी धावत आले. "असं नाही जमणार, वहिनी," म्हणत मागून उचलायला टबात शिरले, घसरले आणि दिनानाथांच्या समोरच येऊन बसले.

"माझा मुलगा दुकानातून येईल, तोच काढेल आता," ते म्हणाले. मग दगडावरून हात फिरवला. "चीज मस्त आहे हां, भिया."

"कुंडीचं फार वाईट वाटलं हो मला," दिनानाथ म्हणाले.

"छोडो ना," शरदजी म्हणाले. तोवर अरुंधती टबातच द्यायला पोहे घेऊन आली. "वहिनी, पोह्यांवर सेव जरा जास्त टाका."

प्लेटा रिकाम्या होत होत्या, तेवढ्यात अभिरामचा फोन आला. "बाबा, टब एकट्याला मोठा तर नाही ना होत?"

"होतो रे," दिनानाथ म्हणाले, "पण दोघांना अगदी बरोबर पुरतो. थँक यू हं, बाळा."