गाईंची साद

योस्त फ्रान्सच्या राजाचा भाडोत्री शिपाई होता, आल्प्समधला त्याचा शेजारी काश्पर डचांचा. लढाईनंतर लव्हाळ्यात लपलेले शत्रू बाहेर येईनात. 'तुझ्या गाववाल्यांना बाहेर काढ,' म्हणत कप्तानाने योस्तवर डोळे वटारले, तेव्हा त्याने गावाकडे गाईंना परत बोलवायला घालतात ती साद घातली. काश्पर हसत उभा राहिला आणि बंदुका धडाडल्या.

योस्त गावी परतला तेव्हा काश्परची आई धार काढत होती.

"शेवटी त्याच्याजवळ आपलं कुणी होतं का रे?"

"मी होतो, मावशी." योस्तची मान वर होईना. "आपली गाईंची साद ऐकली त्याने. हसला."

"कुणी घातली?"

"मीच."

म्हातारीने ओल्या हातांनी त्याचा चेहरा कुरवाळला. "मग आता रोज संध्याकाळी आमच्या गाईंनाही तूच साद घाल, बाळा. मी दारात बसून ऐकेन."