छत्तीस इंची ओटा

"बत्तीसचा तयार सांगाडा मिळतोय, मास्तर. निम्म्या पैशांत. चार इंचांसाठी कशाला हट्टाला पेटलाय?" मिस्त्री म्हणाला.

"ओटा छत्तीसचाच हवा," मास्तर म्हणाले. "बाकी काय कमी करायचं ते करू."

मग काटछाट सुरू झाली. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. आलेखाच्या कागदावर तीन रंगांत त्यांनी काढलेलं नवं स्वयंपाकघर दृष्ट लागण्यासारखं होतं. आता ते खोडरबर घेऊन बसले. पहिल्यांदा ड्रॉवर पुसले. मग भिंतीवरच्या फरशा अर्ध्यावर आणल्या. कपाटांची दारं गेली, तिथे पडदे आले. ग्रॅनाइट कोपरा उडालेलं ठरलं; तो कोपरा भिंतीकडे फिरवायचा. सिंक जुन्या बाजारातलं. खिडकीखालची फळी पुसताना त्यांचा हात जरा अडखळला, पण तीही पुसली. छत्तीसचा आकडा मात्र त्यांनी दोनदा गिरवला.

जुना ओटा अठ्ठावीस इंचांचा होता. तो मास्तरांच्या आईच्या मापाने बांधलेला, आणि आई जेमतेम साडेचार फूट. मास्तरांची बायको लग्नात त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच होती. फोटोवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं होतं आणि काही न विचारता तिला खुर्ची दिली होती. सासरी आल्यावर आठ दिवसांतच ती म्हणाली, "अहो, ओटा फार बुटका आहे." मास्तर म्हणाले, "बघू." पुढे आईचं आजारपण आलं, मुलीचं शिक्षण आलं, गळकं छप्पर आलं. ती सांगत राहिली, मास्तर बघत राहिले. एकदा वैतागून ते म्हणाले, "जरा पाय फाकवून उभी राहत जा." ती तशी उभी राहत गेली. नंतर तिने विचारलं नाही, म्हणजे विषय मिटला असं मास्तर धरून चालले. एकतीस वर्षांत ओटा तसूभरही उंच झाला नाही.

दीड महिन्यापूर्वी मुलीचा पाय मोडला. बायको तिच्याकडे गेली आणि मास्तर पहिल्यांदाच त्या ओट्यापुढे उभे राहिले. भाज्या चिरल्या, भांडी घासली. नवव्या दिवशी वाकलेले मास्तर सरळच होईनात. भिंती धरत धरत त्यांनी दवाखाना गाठला.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"स्वयंपाक."

"किती वर्षं?"

"नऊ दिवस झाले," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या चार दिवसांत लागू पडल्या. पण मास्तर रोज दुपारी स्टूल घेऊन जुन्या ओट्याकडे बघत बसू लागले. त्यांना लाज वाटत होती. अशी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ठेव मोडली आणि कपाटातून आलेखाचा कागद काढला.

काल बायको परत आली. कागद बघून म्हणाली, "आता कशाला एवढा खर्च?"

"तुझ्या उंचीचा ओटा करतोय," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी दहा-बारा दिवस मनात घोळवलं होतं.

छत्तीसच्या आकड्यावरून तिने एकदा बोट फिरवलं आणि चहा टाकायला गेली.

आज मिस्त्री टेप घेऊन हजर झाला. कागद बघून फळ्या कापणाऱ्यांतला तो नव्हता.

"जिला उभं राहायचंय तिचं कोपर बघतो मी," तो म्हणाला. "कोपरापासून सहा इंच खाली ओटा. वीस वर्षं असंच करतोय. एकाची तक्रार नाही."

"बघा की," मास्तर म्हणाले. "छत्तीसच भरेल. बायकोची उंची विसरेन होय मी?"

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. मिस्त्रीने तिला मोकळ्या जमिनीवर उभं केलं, कोपर दुमडायला सांगितलं, टेपचं टोक तिच्या टाचेशी टेकवलं आणि टेप वर नेली. सहा वजा करायला त्याला क्षणभर लागला.

"तेहतीस," तो म्हणाला.

मास्तर हसले. "टेप नीट धरा, मिस्त्री."

मिस्त्रीने टेप गुंडाळून पुन्हा सोडली, पुन्हा लावली. पुन्हा तेहतीस. मग मास्तर स्वतः पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसला, टेप ताणली, आकडा मोठ्याने वाचला. एकोणचाळीस. सहा गेले, तेहतीस. शाळेतल्या पोरासारखी बोटं मोजत त्यांनी ती वजाबाकी दोनदा केली. मग टेप तशीच हातात धरून ते उभे राहिले. बायकोचं डोकं त्यांच्या कानाशी येत होतं.

मिस्त्रीच्या लक्षात चूक आली. त्याला हायसं वाटलं.

"काकू, तुम्ही वाकून उभ्या आहात," तो म्हणाला. "जरा सरळ उभ्या राहा, म्हणजे खरं माप येईल."

"सरळच उभी आहे मी," ती म्हणाली.