उशाकडची जागा

वर बसून नियम तुम्ही लिहिता, आणि शवपेटीशेजारी उभं राहायचं आम्ही. तुमच्यापैकी एकानं तरी स्वतःच्या पोराची पेटी पाहिली आहे का? पेटीच्या पायथ्याशी तलवार धरून उभा असलेला बाल्तासार वरिष्ठांना उद्देशून मनात हेच घोकत होता.

टेक्सासमधल्या चर्चच्या सभागृहात देशाचा झेंडा पांघरलेली पेटी ठेवली होती. आत नासारियो, बावीस वर्षांचा शिपाई. अशा मयताला चर्चमधल्या कॅथलिक पुरुषांच्या संघाचा पहारा मिळतो. एक माणूस उशाशी, एक पायथ्याशी. पिसांच्या तुऱ्याची टोपी, खांद्यावर झगा, उपसलेली तलवार. जोडी मोडली की पहारा उठवायचा. उशाकडच्या म्हाताऱ्याचे गुडघे आत्ताच गेले होते, त्याला खुर्चीत बसवलं होतं. बदलीला कुणी नव्हतं.

"कोंपाद्रे, उठा," बाल्तासार हळूच म्हणाला. नासारियोच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून त्यानंच त्याला हातांवर घेतलं होतं; तेव्हापासून पोराच्या बापाला तो याच नावानं हाक मारायचा. "उशाशी उभे राहा."

बाप, एलिओदोरो, पहिल्याच बाकावर होता. संघात वीस वर्षं. उपासाच्या शुक्रवारी सगळ्या गावासाठी मासे तळून हातांवर चट्टे पडलेले. पण संघाच्या तिसऱ्या पायरीवरच अडकलेला; तुरा आणि पहाऱ्याचा मान चौथीला. चौथी पायरी देशभक्तीची, तिला नागरिकत्वाचा कागद लागतो. सीमेवरची नदी चोरून ओलांडून आलेल्या माणसाकडे तेवढाच नव्हता.

"मला तुरा नाही."

"मासे तळायला कुठं लागला तुरा? तेव्हा सगळे तुरेवाले ताट घेऊन तुमच्यापुढं रांगेत असतात. उठा."

तो उठला. म्हाताऱ्यानं आपली टोपी पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. उघड्या डोक्यानं, रिकाम्या हातांनी तो पोराच्या उशाशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात संघाचे जिल्हाप्रमुख आले. सोनेरी तुरा, कप्तान बाल्तासारच्या पांढऱ्याहून दोन हुद्दे वर.

"कप्तान, हे चालणार नाही."

"बाप आहे तो."

"माहीत आहे. मलाही वाईट वाटतं. पण कागद नसलेला माणूस इथं उभा केला की पहारा बाटला. त्याला बसवा, नाहीतर पहारा उठवा."

कुणी हुकमी आवाजात बोललं की एलिओदोरो मागं सरकायचा. आताही त्याचं पाऊल मागं गेलं.

"हलू नका, कोंपाद्रे."

बाल्तासारनं टोपी काढून जमिनीवर ठेवली. जागा सोडली नाही.

"उद्या दफनभूमीत या झेंड्याची तिकोनी घडी होईल," तो प्रमुखांना म्हणाला. आता त्यानं आवाज दाबला नव्हता. "देशातर्फे ती बापाच्या हातात द्यायची असते. शेजारी तुम्हीच उभे असाल, हाच तुरा लावून. तेव्हा मागणार आहात का त्याच्याकडे कागद? सगळे ऐकतायत. बोला."